एकाच गोठ्यात मेंढपाळ आणि मागी

डिसेंबर उजाडला की वसईत घरोघरी नाताळचे गोठे सजू लागतात. गवताचे छप्पर, गव्हाणीत बाळ, एका बाजूला गुडघे टेकलेले मेंढपाळ आणि दुसऱ्या बाजूला उंटावरून उतरलेले तीन राजे. देखावा सुंदर असतो, पण तो बायबलमध्ये कुठेही नाही. येशूचे चरित्र सांगणारी मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशी चार शुभवर्तमाने बायबलमध्ये आहेत. मेंढपाळ फक्त लूककडे आहेत, मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, फक्त मत्तयकडे. मत्तयच्या मागी लोकांना बाळ गोठ्यात सापडत नाही, घरात सापडते (मत्तय २:११). ते राजे होते असे मत्तय म्हणत नाही, तीन होते असेही म्हणत नाही. भेटवस्तू तीन, म्हणून पुढच्या पिढ्यांनी माणसेही तीन केली.

दोन कथा शिवून एक करण्याची ही सवय जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्यातही येशूचे चरित्र एकाच धाग्यात ओवलेले आहे. पुराणकाराला सलग कथा सांगायची असते, त्याला चार साक्षीदारांच्या चार जबान्या घेऊन चालत नाही. गोठा काय किंवा ओवी काय, भक्तीसाठी केलेली ही शिवण आहे आणि तिच्याविषयी तक्रार नाही. ही शिवण म्हणजेच मूळ कापड, असे जेव्हा धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवले जाते तेव्हा मात्र अडचण सुरू होते. मग एखाद्या मुलाच्या मोबाइलवर ‘बायबलमधल्या विसंगती’ अशी यादी येऊन पडते, आणि ज्याला टाका कुठे घातला आहे हे कधी कुणी दाखवलेच नाही, त्याला सगळे कापडच फाटल्यासारखे वाटते.

या याद्यांनाही इतिहास आहे. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला मिशनरी कार्ल फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांच्यात दोन दिवस जाहीर वाद झाला. कैरानवींच्या बाजूला डॉक्टर वझीर खान होते. त्यांनी युरोपातल्याच विद्वानांचे बायबल-चिकित्सेचे ग्रंथ वाचून ठेवले होते. काही वचनांच्या पाठात फरक पडला आहे हे फांडर यांना भर सभेत मान्य करावे लागले. आपल्याकडे त्याआधीच, १८३० च्या दशकात, जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात ग्रंथांची लढाई झाली होती. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी वाद घालत उभे राहिले. दुसऱ्याच्या ग्रंथात विसंगती शोधायची आणि स्वतःच्या ग्रंथात ‘गूढार्थ’ पाहायचा, हा खेळ दोन्ही बाजूंनी मनसोक्त खेळला गेला.

यादी करणारा आणि यादीला उत्तर देणारा हे एकाच चुकीचे दोन वाटेकरी आहेत, असे माझे मत आहे. दोघेही बायबलला एका हाताने एका बैठकीत लिहिलेला दस्तऐवज समजतात. एक म्हणतो, दोन कलमे जुळत नाहीत, म्हणून दस्तऐवज खोटा. दुसरा म्हणतो, दस्तऐवज खरा, म्हणून कलमे जुळलीच पाहिजेत, जुळत नसतील तर मी जुळवतो. विसंगती कोणत्या जातीची आहे, हे दोघेही विचारत नाहीत. नकलेतली चूक, भाषांतरातली गल्लत, लेखकाने समजून-उमजून केलेला बदल आणि खरोखरचा मतभेद या चार वेगळ्या गोष्टी आहेत. तापावरचे औषध हाड मोडल्यावर देऊन उपयोग नसतो.

सगळ्यात सोपी जात आकड्यांची. यहूदाचा राजा अहज्या गादीवर बसला तेव्हा २२ वर्षांचा होता असे २ राजे ८:२६ सांगते. २ इतिहास २२:२ मध्ये, मूळ हिब्रू पाठात, तो ४२ वर्षांचा आहे. त्याचा बाप यहोराम ३२ व्या वर्षी राजा झाला, आठ वर्षे राज्य करून मेला, म्हणजे चाळिशीत गेला (२ इतिहास २१:२०). त्याच्या पाठोपाठ गादीवर आलेला धाकटा मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा! यात गूढार्थ शोधणाऱ्याला नमस्कार करावा आणि पुढे जावे. ही नकलनवीसाची चूक आहे, आणि सिरियाक या जुन्या अरामी बोलीतल्या भाषांतरात २२ हाच आकडा टिकलेला आहे.

इथे एक लोकप्रिय स्पष्टीकरण सांगितले जाते: हिब्रूत अक्षरांनी आकडे लिहितात, वीससाठी ‘काफ’ आणि चाळीससाठी ‘मेम’, आणि जुन्या लिपीत ही दोन अक्षरे सारखी दिसतात. ऐकायला छान आहे, पण बायबलच्या उपलब्ध हिब्रू हस्तलिखितांत असे आकडे शब्दांत लिहिलेले असतात. वीस म्हणजे ‘एसरीम’, चाळीस म्हणजे ‘अर्बाईम’. शेवट सारखा, पुढचा ‘दोन’ हा शब्दही तोच. थकलेल्या डोळ्यांना एवढे पुरते. शलमोनाच्या घोड्यांचे ठाण एकीकडे चाळीस हजार (१ राजे ४:२६) आणि दुसरीकडे चार हजार (२ इतिहास ९:२५) होतात तेही असेच. हिब्रूत ‘चार’ आणि ‘चाळीस’ यांच्यात फरक आहे तो शब्दाच्या शेपटाचा.

यहोयाखीनचे उदाहरण तर पोलिस तपासासारखे आहे. २ राजे २४:८ मध्ये तो १८ वर्षांचा, २ इतिहास ३६:९ मध्ये ८ वर्षांचा. अठरा म्हणजे ‘आठ-दहा’. त्यातला ‘दहा’ गळला की आठ उरतात. आता राज्याचा काळ पाहा. राजे म्हणते तीन महिने, इतिहास म्हणते तीन महिने आणि दहा दिवस. गळलेला ‘दहा’ पुढच्या ओळीत जाऊन बसला असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. ते सिद्ध करता येत नाही, पण दोन आकड्यांतला बरोबर कोणता, याचा पुरावा त्याच अध्यायात आहे. त्याला बाबेलला धरून नेले तेव्हा त्याच्या बायकाही नेल्या (२ राजे २४:१५). आठ वर्षांच्या पोराच्या बायका नसणार.

अशा जागी काही आधुनिक भाषांतरे मुकाट्याने २२ आणि १८ छापून टाकतात. हे मला पटत नाही. दुरुस्ती बरोबर आहे, पण तळटीप नसेल तर वाचकाला अंधारात ठेवल्यासारखे होते, आणि उद्या दुसऱ्या आवृत्तीत ४२ दिसले की तो विचारणार, कुणी बदलले? १ शमुवेल १३:१ मध्ये तर हिब्रू पाठ शब्दशः वाचला तर शौल राजा ‘एक वर्षाचा’ असताना गादीवर बसतो. तिथला आकडाच हरवला आहे. प्रामाणिक भाषांतरे तिथे जागा मोकळी सोडतात किंवा तीस घालून तळटीप देतात.

दुसरी जात अधिक रंजक आहे, कारण तिथे जुळवाजुळव बायबलच्या आतच सुरू झालेली दिसते. गल्याथाला कुणी मारले? कुणालाही विचारा, दावीदाने (१ शमुवेल १७). पण २ शमुवेल २१:१९ म्हणते, बेथलेहेमकर एलहानानाने गल्याथाला मारले, ज्याच्या भाल्याची काठी विणकराच्या तुरीएवढी होती. इतिहासाच्या पुस्तकात हेच वाक्य येते तेव्हा एलहानान गल्याथाच्या भावाला मारतो आणि त्या भावाचे नाव लहमी असते (१ इतिहास २०:५). हिब्रूत ‘बेथ-हल्लहमी’ म्हणजे बेथलेहेमकर. त्यातूनच ‘लहमी’ हे नाव निघालेले दिसते. शमुवेलातले हे वाक्य खराब झालेले आहे यात शंका नाही, कारण त्याच्या शेवटी येणारा ‘विणकर’ हा शब्द चुकून एलहानानाच्या बापाच्या नावालाही चिकटला आहे. पण इतिहासकाराने, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाच्या लेखकाने, मूळ शुद्ध पाठ जपला की अडचणीचा पाठ पाहून तो दुरुस्त केला, यावर वाद आहे. माझा कल दुसरीकडे आहे. १६११ च्या किंग जेम्स भाषांतराने तर शमुवेलातच ‘चा भाऊ’ हे शब्द वेगळ्या टायपात घातले. मूळ पाठात ते शब्द नाहीत हे टाइप बदलून तरी कबूल केले होते. पुढे कुणी टाइपकडे बघितले नाही.

याच इतिहासकाराचा एक बदल चुकीचा नाही, विचारपूर्वक केलेला आहे. दावीदाला शिरगणती करायला कुणी उद्युक्त केले? २ शमुवेल २४:१ म्हणते परमेश्वराच्या कोपाने. १ इतिहास २१:१ म्हणते सैतानाने. ही काही नकलेतली चूक नव्हे. बाबेलच्या बंदिवासानंतर लिहिणाऱ्याला देव स्वतःच पाप करायला लावतो आणि मग शिक्षा देतो, ही कल्पना सहन झाली नाही. शेवटी वेदी बांधण्यासाठी दावीदाने खळे विकत घेतले ते एकीकडे पन्नास शेकेल चांदीला, दुसरीकडे सहाशे शेकेल सोन्याला. शेकेल सुमारे ११ ग्रॅमचा धरला तर पहिली किंमत अर्धा किलोहून थोडी जास्त चांदी, दुसरी साडेसहा किलोच्या पुढे सोने. तालमूद या यहुदी धर्मचर्चांच्या संग्रहातल्या रब्बींनी यावर तोडगा काढला: बारा वंशांकडून प्रत्येकी पन्नास, म्हणून सहाशे. गणित बरोबर, चांदीचे सोने कसे झाले तेवढे विचारायचे नाही. ज्या जागेवर पुढे मंदिर उभे राहिले ती अर्धा किलो चांदीत मिळाली, हे इतिहासकाराला शोभेसे वाटले नसावे, हे स्पष्टीकरण मला जास्त सरळ वाटते.

आता जुळवाजुळवीची किंमत पाहू. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताने गळफास घेतला असे मत्तय २७:५ सांगते. प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये तो शेतात पालथा पडतो, त्याचे पोट फुटते आणि आतडी बाहेर येतात. यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाणारे उत्तर असे: आधी फास घेतला, मग दोर तुटला, प्रेत खाली पडले आणि फुटले. जेरोमच्या लॅटिन भाषांतराने तर कृत्यांच्या त्या वचनातच ‘लटकून’ असा शब्द घातला, जो ग्रीकमध्ये नाही. समजा दोर तुटला. तरी शेत कुणी घेतले? मत्तयमध्ये याजकांनी, यहूदाने परत फेकलेल्या पैशातून. कृत्यांमध्ये स्वतः यहूदाने. त्या जागेला ‘रक्ताचे शेत’ का म्हणतात? मत्तय म्हणतो ते रक्ताच्या मोबदल्यातून घेतले म्हणून. कृत्यांचाही लेखक असलेला लूक म्हणतो यहूदाचे तिथे असे झाले म्हणून. दोराने मरणाची पद्धत जुळली, बाकी दोन प्रश्न तसेच लोंबकळत राहिले. जुळवाजुळव बहुतेक वेळा मोठा आवाज करणारी विसंगती शांत करते आणि हळू बोलणारीकडे पाठ फिरवते.

येशूला अटक झाल्यावर ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणाऱ्या पेत्राच्या नाकाराचे उदाहरण याहून बोलके आहे. मार्कमध्ये कोंबडा दोनदा आरवण्याआधी तीन नाकार, बाकी तिघांकडे कोंबड्याच्या एका आरवण्याआधी. दुसऱ्यांदा पेत्राला हटकणारी व्यक्ती मार्ककडे तीच दासी, मत्तयकडे दुसरी दासी, लूककडे एक पुरुष, योहानाकडे ‘ते’. १९७६ साली एका अमेरिकन लेखकाने हे सगळे खरे ठरवण्यासाठी पेत्राने सहा वेळा नाकारले असा हिशेब मांडला. चारही शुभवर्तमाने ज्या एका आकड्यावर एकमताने ठाम आहेत तो ‘तीन’, आणि चौघांचे जुळावे म्हणून नेमका तोच मोडला.

भाषांतराच्या गल्लतीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण पौलाच्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवरच्या दर्शनाचे. कृत्ये ९:७ मध्ये त्याच्या सोबत्यांनी वाणी ऐकली, २२:९ मध्ये ऐकली नाही. खुलासा असा की ग्रीकमध्ये ‘ऐकणे’ या क्रियापदापुढे एका विभक्तीत नुसता आवाज कानावर येणे आणि दुसरीत अर्थ समजणे असा फरक होतो. मराठी माणसाला हे पटकन पटते. ‘ऐकू आले’ आणि ‘ऐकले’ यांत अंतर आहे, आणि ‘पोरगा ऐकत नाही’ म्हणताना आपण त्याच्या कानाविषयी बोलत नसतो. पण हा खुलासा तपासून पाहिला की लंगडा पडतो. स्वतः पौलाने वाणी ऐकली हे सांगताना लूक ९:४ मध्ये एक विभक्ती वापरतो आणि २२:७ मध्ये दुसरी, आणि पौलाला तर दोन्ही ठिकाणी शब्द न् शब्द कळला आहे. शिवाय ९:७ मध्ये सोबती स्तब्ध उभे आहेत, २६:१४ मध्ये सगळेच जमिनीवर पडले आहेत.

लक्षात घेण्याची गोष्ट वेगळीच आहे. ही तिन्ही वर्णने एकाच पुस्तकात एकाच लेखकाची आहेत. लूकने स्वतः लिहिलेले स्वतःच वाचले नसेल असे नाही. प्रत्येक वेळी प्रसंग नव्या श्रोत्यांसमोर नव्याने सांगायचा, तपशील त्या प्रसंगाला शोभेल असा ठेवायचा, ही त्या काळच्या इतिहासलेखनाची रीत होती. आपण पंचनाम्याची अपेक्षा धरून बसलो, हा दोष लूकचा नाही.

पण प्रत्येक गाठ अशी सुटत नाही, आणि हे विश्वासणाऱ्यांना मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पुन्हा गोठ्याकडे जाऊ. मत्तयच्या कथेत योसेफ आणि मरीया बेथलेहेमलाच दिसतात. मागी येतात, हेरोद दोन वर्षांखालची मुले मारतो, कुटुंब मिसरला पळते, परत येताना यहूदियात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव गादीवर आहे म्हणून भिऊन गालीलातल्या नासरेथला ‘जाऊन’ राहते. लूकच्या कथेत ते मुळातच नासरेथचे. नावनिशीसाठी, म्हणजे शिरगणतीसाठी, बेथलेहेमला येतात, शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर, म्हणजे नियमशास्त्राप्रमाणे चाळीस दिवसांनी, मंदिरात जातात आणि सर्व विधी आटोपून नासरेथला परततात (लूक २:३९). मिसरला जायला यात फट नाही. कुणी म्हणतात मागी त्या चाळीस दिवसांतच आले. मग मागींनी भेट दिलेले सोने घरात असताना मंदिरात गरिबांची म्हणून ठरलेली दोन पाखरे का अर्पण केली? कुणी म्हणतात मागी दोन वर्षांनी आले. मग नासरेथला परतलेले कुटुंब बेथलेहेमच्या घरात पुन्हा कसे?

त्यात नावनिशीचा घोळ. मत्तय आणि लूक दोघेही येशूचा जन्म हेरोदाच्या काळात ठेवतात, आणि हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला. लूक ज्या क्विरीनियचे नाव घेतो तो सूरियाचा सुभेदार म्हणून आला इसवी सन ६ मध्ये, अर्खेलावाला पदच्युत केल्यावर. तेव्हाची यहूदियातली नावनिशी योसेफस या यहुदी इतिहासकाराने नोंदवली आहे. दोन घटनांमध्ये सुमारे दहा वर्षांचे अंतर. ‘पहिली नावनिशी’ याचे भाषांतर ‘क्विरीनियच्या आधीची नावनिशी’ असे करावे, असा उपाय काहींनी सुचवला आहे. व्याकरण फार ताणले तर तो बसतो. माझ्या मते इथे लूककडून कालगणनेत चूक झाली आहे. ती मान्य केल्याने येशूचा जन्म झाला नाही असे ठरत नाही. उलट दोन साक्षीदार एकमेकांचे पाहून लिहीत नव्हते एवढे नक्की होते, आणि तरीही बेथलेहेम, नासरेथ, हेरोद, मरीया, योसेफ यांवर दोघे एकत्र येतात.

काही विसंगती तर चर्चच्या वेदीवर रोज दिसतात. मार्क १४:१२ प्रमाणे येशूचे शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे, म्हणजे मिसरातून सुटकेच्या यहुदी सणाचे, भोजन होते. योहान १८:२८ आणि १९:१४ प्रमाणे रोमन सुभेदार पिलातापुढे चौकशी चालू होती तेव्हा वल्हांडण अजून खायचे होते. म्हणजे भोजन आदल्या रात्रीचे, आणि येशू मेला तो मंदिरात कोकरे कापली जात होती त्या दुपारी. योहानाने पहिल्याच अध्यायात येशूला ‘देवाचा कोकरा’ म्हटले आहे, तेव्हा हा एक दिवसाचा फरक त्याच्या हातून चुकून पडलेला नाही. १९५७ मध्ये आनी झोबेर या फ्रेंच विदुषीने मृत समुद्राकाठच्या कुमरान इथे सापडलेल्या हस्तलिखितांतल्या ३६४ दिवसांच्या पंचांगाचा आधार घेऊन दोन्ही तारखा खऱ्या ठरवण्याचा प्रयत्न केला. कल्पना हुशार आहे, पण येशू वेगळे पंचांग पाळत होता याचा मागमूस चारही शुभवर्तमानांत नाही.

रोमन चर्चची ओस्ती, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, बेखमीर असते, कारण वल्हांडणात खमीर चालत नाही. ग्रीक चर्चची भाकर खमिराची असते आणि ती परंपरा योहानाच्या तारखेचा आधार सांगते. पूर्व आणि पश्चिम चर्चमधल्या १०५४ च्या फुटीत ही भाकरही एक कारण होती. भांडण झाले, कटू झाले, पण पश्चिमेने योहानाची ती वचने खोडली नाहीत की पूर्वेने मार्कची.

खरा मतभेद म्हणावा असा एकच मोठा प्रसंग नव्या करारात आहे. पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो (रोमकरांस ३:२८). याकोब म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे, तर कृतींनी (याकोब २:२४). दोघेही दाखला देतात तो अब्राहामाचा, आणि उत्पत्ती १५:६ या एकाच वचनाचा. मार्टिन ल्यूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात पौलाच्या वाक्यात ‘केवळ’ हा शब्द स्वतःच्या पदरचा घातला आणि याकोबाच्या पत्राला गवताचे पत्र म्हटले. गंमत अशी की मूळ ग्रीक नव्या करारात ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द एकाच जागी येतात, याकोबात, आणि तेही नकारासह. पौलाची ‘कर्मे’ म्हणजे मुख्यतः सुंता, खाण्याचे विधिनिषेध, सणवार; याकोबाची ‘कृती’ म्हणजे उघड्याला वस्त्र आणि उपाशी माणसाला अन्न. शब्द तोच, मुद्दा वेगळा, हे खरे आहे. तरी पौलाच्या वाक्याची घोषणा करून हात झाडणाऱ्यांना याकोब खडसावत आहे असे वाचताना जाणवते, आणि तो खडसावण्याचा सूर गुळगुळीत करू नये.

जुन्या वाचकांनी हे सगळे आपल्याआधी पाहिले होते. नीतिसूत्रे २६:४ म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. पुढचेच वचन म्हणते, दे. संपादकाने दोन्ही शेजारी ठेवली म्हणजे त्याला दिसत नव्हते असे थोडेच आहे? तालमूद सांगते की या विरोधामुळे ते पुस्तक बाजूला ठेवावे का यावर चर्चा झाली होती. यहेज्केलचे पुस्तक तोराशी, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राशी, जुळवण्यासाठी हनन्या बेन हिज्किया याने माडीवर बसून तीनशे बुधले तेल जाळले म्हणतात. वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या आपल्या मीमांसकांना हे परके वाटले नसते. अतिरात्र यागात षोडशी पात्र घ्यावे आणि घेऊ नये अशी दोन्ही वचने श्रुतीत आहेत. मीमांसकांनी तिथे विकल्प, म्हणजे दोन्हींपैकी कोणतेही चालेल असे, मानला, पण विकल्पात आठ दोष असतात म्हणून तो शेवटचा उपाय ठरवला. म्हणजे आधी मेळ घालून पाहायचा; नाहीच बसला तर दोन्ही वचने उभी ठेवायची, एकाचा गळा दाबायचा नाही.

ख्रिस्ती परंपरेतही हा निर्णय एकदा झालेला आहे. दुसऱ्या शतकात तातियनने चार शुभवर्तमानांची एक सलग कथा बनवली. सिरियाक चर्चमध्ये ती कित्येक पिढ्या वाचली गेली. पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपने आपल्या इलाख्यातून तिच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा केल्या आणि त्यांच्या जागी चार वेगळी शुभवर्तमाने ठेवली. सोपे एक पुस्तक हातात असताना न जुळणारी चार निवडली. बायबलमध्ये चर्चने सोयीचे फेरफार केले असा आरोप करणाऱ्यांनी याचा विचार करावा. फेरफार करायचेच होते तर आधी या जागा साफ झाल्या असत्या. नकलनवीसांचा कल जुळवण्याकडेच असे. मार्क १:२ मध्ये मलाखीचे वचन यशयाच्या नावावर पडले आहे, तर नंतरच्या हस्तलिखितांत ‘यशया’ काढून ‘संदेष्टे’ केलेले आढळते. म्हणूनच अठराव्या शतकात योहान बेंगेलने नियम घालून दिला: दोन पाठांत जो अडचणीचा, तो बहुधा मूळचा.

ऑगस्टीनने जेरोमला इसवी सन ४०५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात पायऱ्या सांगितल्या आहेत: वचन खटकले तर प्रत सदोष असेल, भाषांतरकार चुकला असेल, किंवा मला समजले नसेल. मी त्यात आणखी एक घालेन: किंवा दोन लेखकांना दोन वेगळ्या गोष्टी म्हणायच्या असतील. मराठी वाचकाला हे घरी बसून करता येते. बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’, पंडिता रमाबाईंचे भाषांतर आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल शेजारी उघडावे. एकाच प्रसंगाची वचने कागदावर उभ्या रकान्यांत लिहावी. १७७६ मध्ये ग्रीसबाखने हेच केले आणि शुभवर्तमानांचा आधुनिक अभ्यास तिथून सुरू झाला. जे शब्द सारखे ते एका रंगाने, जे फक्त एकाकडे ते दुसऱ्याने खुणावे. मग प्रत्येक लेखक इतरत्र काय करतो ते पाहावे. मत्तयच्या वंशावळीत यहोराम आणि उज्जिया यांच्यामध्ये तीन राजे गळलेले दिसतात, ते विसरून नव्हे. त्याला चौदा-चौदा-चौदा पिढ्या हव्या आहेत, आणि हिब्रू अक्षरांच्या किमतीने ‘दावीद’ची बेरीज चौदा होते. हे कळले की लूकच्या वंशावळीशी ती ओढूनताणून जुळवण्याची घाई राहत नाही.

यावर पाळकांचा आणि फादरांचा नेहमीचा आक्षेप असतो: साध्या भाविकांचा विश्वास डळमळेल. हा आक्षेप आता धरून ठेवण्यात काही अर्थ उरलेला नाही, यादी मोबाइलवर पोहोचलेली आहे. आणि धर्मशास्त्राने दार बंद केलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच म्हटले आहे की शास्त्र जे सत्य शिकवते ते आपल्या तारणासाठी देवाने लिहवून घेतलेले सत्य, आणि लेखकाने कोणता साहित्यप्रकार वापरला हे पाहूनच अर्थ लावावा. बायबलच्या अचूकतेवर सर्वांत कडक भूमिका घेणारे १९७८ चे शिकागो निवेदनसुद्धा अचूकता मूळ हस्तलेखापुरती मानते, आणि समांतर वृत्तांतांत निवड वेगळी असणे किंवा अवतरण सैल असणे म्हणजे चूक नव्हे असे सांगते. कागदावर एवढी मोकळीक असताना व्यासपीठावर मात्र दोर अजून तुटतोच आहे.

दृढीकरणाच्या वर्गात एक तास पुरे. मत्तय आणि लूक यांचे दुसरे अध्याय दोन रकान्यांत मुलांकडून लिहून घ्यावेत, त्यांनाच फरक शोधू द्यावेत, आणि मग गोठा लावावा, मेंढपाळ आणि मागी दोघांनाही ठेवून. छापणाऱ्यांकडून मागणे त्याहून लहान आहे. २ इतिहास २२:२ च्या पानावर तळाशी एवढीच ओळ हवी: ‘हिब्रू पाठात बेचाळीस; सिरियाक भाषांतरात व २ राजे ८:२६ मध्ये बावीस.’